दैनंदिन बहुजीवनसत्त्व गोळी : उपयुक्तता, सुरक्षितता आणि भारतीय आहाराचा संदर्भ

बीजसंज्ञा : जीवनसत्त्वे, बहुजीवनसत्त्व गोळी, यादृच्छिक चाचणी, फॉलिक आम्ल, ब-१२, अतिमात्रा

प्रस्तावना :

शहरी मध्यमवर्गीय घरात औषधांचा जो डबा असतो, त्यात रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी असते आणि बहुतेक वेळा तिच्या जोडीला मल्टिव्हिटॅमिनची एक पट्टीही असते. रक्तदाबाची गोळी कोणत्या विकारासाठी, किती मात्रेत आणि कोणाच्या सल्ल्याने सुरू झाली हे घरातील कोणालाही सांगता येते. मल्टिव्हिटॅमिनविषयी मात्र 'ताकदीची आहे, घेतलेली बरी' यापलीकडे सहसा माहिती नसते. ती कधी सुरू झाली, कधी थांबवावयाची, तिच्यात नेमके काय आहे, हे प्रश्न विचारले जात नाहीत. कारण जीवनसत्त्व म्हणजे औषध नव्हे, अन्नाचाच अंश, आणि अन्नाने अपाय कसा होईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सन २०२० ते २०२१ या करोना साथीच्या काळात ही समजूत अधिकच दृढ झाली. क जीवनसत्त्व आणि जस्त यांच्या गोळ्या त्या काळात घरोघरी घेतल्या गेल्या. या दोहोंच्या मोठ्या मात्रेची अमेरिकेत २१४ बाह्यरुग्णांवर घेतलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. लक्षणांचा कालावधी त्यामुळे कमी झाल्याचे तीत आढळले नाही.

प्रस्तुत लेखात दररोज घेतल्या जाणाऱ्या बहुजीवनसत्त्व गोळीविषयी दोन प्रश्नांचा विचार केला आहे. निरोगी व्यक्तीला तिचा लाभ होतो काय, आणि ती दीर्घकाळ घेणे निर्धोक आहे काय? या दोन्ही प्रश्नांवरील मोठे अभ्यास प्रामुख्याने अमेरिका व युरोप येथे झाले असल्याने त्यांचे निष्कर्ष महाराष्ट्रातील शाकाहारी वा अल्पमांसाहारी कुटुंबाला कितपत लागू पडतात, हा तिसरा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो. लेखाचा बराच भाग त्यासाठी दिला आहे.

उणिवेतून झालेला शोध :

जीवनसत्त्वांच्या शोधाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक शोधाच्या मुळाशी विशिष्ट आहारावर जगणारा, विशिष्ट रोगाने पीडित असा समूह आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्यापुढे स्कर्व्हीने ग्रासलेले खलाशी होते. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांच्यापुढे बेरीबेरीचे रुग्ण होते, आणि सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना तसाच विकार जडतो हे त्यांच्या लक्षात आले. तांदळात काही विष असावे असा त्यांचा आरंभीचा तर्क होता. विष नसून काहीतरी उणे आहे, ही मांडणी त्यांचे सहकारी खेरिट खरेन्स यांनी १९०१ मध्ये केली. १९१२ मध्ये काझिमिर फंक यांनी या अज्ञात पदार्थांना 'व्हिटॅमिन' हे नाव दिले.

या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स या इंग्लंडमधील डॉक्टर मुंबईत आल्या. येथील गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांमध्ये एक तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय आढळत असे. त्यात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत. जंतुसंसर्गाचा पुरावा न मिळाल्याने विल्स यांनी आहाराकडे लक्ष वळविले. प्राण्यांवरील प्रयोगांनंतर यीस्टचा अर्क दिल्याने हा रक्तक्षय बरा होतो असे त्यांना आढळले, आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. हा अर्क म्हणजे ब्रिटिश घरांत पावाला लावून खाल्ले जाणारे 'मार्माइट' होते. महागड्या औषधाची गरज पडली नाही. त्यातील अज्ञात घटक पुढे काही वर्षे 'विल्स घटक' म्हणून ओळखला जात असे. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून जे फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले, ते या घटकाचे खरे स्वरूप ठरले.

मुंबईतील त्या स्त्रियांना यीस्टच्या अर्काने जे दिले, ते पोटभर व सकस अन्न मिळणाऱ्या व्यक्तीला दिल्यास तसाच चमत्कार होईल, असे मात्र या शोधातून निष्पन्न होत नाही. उणीव भरून काढणे आणि पुरेशा साठ्यात भर घालणे या दोन भिन्न क्रिया आहेत. बहुजीवनसत्त्व गोळीची जाहिरात पहिल्या क्रियेचे यश दाखवून दुसरीसाठी ग्राहक मिळविते.

निरोगी व्यक्तींवरील चाचण्यांचे निष्कर्ष :

गोळी घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना केल्यास घेणारे अधिक निरोगी आढळण्याची शक्यता असते. परंतु जी व्यक्ती नियमाने गोळी घेते, ती बहुधा सकाळी फिरावयासही जाते, तंबाखूपासून दूर असते आणि तिची आर्थिक स्थितीही बरी असते. तेव्हा आरोग्याचे श्रेय गोळीला द्यावे की जीवनक्रमाला, हे ठरविता येत नाही. याउलट आजारपण आल्यावर गोळ्या सुरू करणारेही पुष्कळ असतात, आणि त्यांच्यामुळे गोळी विनाकारण बदनाम होऊ शकते. यादृच्छिक पद्धतीने काहींना खरी व काहींना निष्क्रिय गोळी देणे, हाच यावरील विश्वसनीय मार्ग होय.

अशी सर्वांत दीर्घ चाचणी अमेरिकेतील 'फिजिशियन्स हेल्थ स्टडी'च्या दुसऱ्या टप्प्यात झाली. तीत ५० वर्षे व त्यावरील १४,६४१ पुरुष डॉक्टर सहभागी होते आणि सुमारे ११ वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. कर्करोगाच्या एकूण प्रमाणात मात्र ८ टक्क्यांची घट आढळली. ही टक्केवारी ऐकावयास मोठी वाटते. प्रत्यक्षात दर १,००० व्यक्तींमागे वर्षाला निष्क्रिय गोळीच्या गटात १८.३ तर खऱ्या गोळीच्या गटात १७.० जणांना कर्करोग झाला, आणि कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. त्यानंतरच्या 'कॉसमॉस' या २१,४४२ स्त्री-पुरुषांवरील चाचणीत (२०२२) कर्करोगाबाबतचा लाभ दिसून आला नाही. अर्थात तिचा कालावधी चार वर्षांहूनही कमी होता, हे ध्यानात घ्यावयास हवे.

कॉसमॉस चाचणीची अधिक चर्चा झाली ती स्मरणशक्तीच्या संदर्भात. तिच्या अंतर्गत झालेल्या तीन उपअभ्यासांत गोळी घेणाऱ्या वयस्कांची स्मृती व एकूण बोधनक्षमता निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांहून किंचित सरस आढळली. २०२४ मध्ये तिन्हींचा एकत्रित विचार करून हा फरक वयाने होणाऱ्या ऱ्हासाच्या सुमारे दोन वर्षांइतका आहे, असे संशोधकांनी मांडले. निष्कर्ष आशादायक आहे. तथापि आधी उल्लेखिलेल्या डॉक्टरांच्या चाचणीत ६५ वर्षांवरील ५,९४७ पुरुषांमध्ये बारा वर्षांनंतरही असा कोणताच लाभ आढळला नव्हता. डॉक्टर मंडळींचा आहार मुळातच उत्तम असल्याने तसे घडले असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे मानल्यास लाभ कोणाला होतो याचे उत्तर पुन्हा उणिवेपाशीच येऊन थांबते. या गोळीने स्मृतिभ्रंश टळतो, असे तर कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही.

चीनमधील लिन्शियान येथील चाचणी या संदर्भात बोलकी आहे. तेथील ग्रामीण लोकसंख्येचा आहार दीर्घकाळ निकृष्ट होता आणि अन्ननलिका व जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. २९,५८४ व्यक्तींवरील या चाचणीत बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम एकत्र घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी कमी झाले (१९९३). फ्रान्समधील १३,०१७ प्रौढांना जवळपास याच घटकांची बेताची मात्रा साडेसात वर्षे देण्यात आली, तेव्हा पुरुषांत कर्करोग कमी झाला, स्त्रियांत झाला नाही (२००४). फ्रेंच पुरुषांच्या रक्तातील बीटा-कॅरोटीनची पातळी आरंभी स्त्रियांहून कमी होती.

आयुर्मानाविषयी २०२४ मध्ये अमेरिकेतील ३,९०,१२४ निरोगी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासण्यात आल्या. रोज गोळी घेणाऱ्यांचे मृत्युप्रमाण कमी आढळले नाही. कर्करोग व हृदयविकार टाळण्यासाठी बहुजीवनसत्त्व गोळीची शिफारस करण्यास वा ती नाकारण्यास पुरेसा पुरावा नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये घेतली. बीटा-कॅरोटीन व ई जीवनसत्त्व या हेतूने घेऊ नये, असे मात्र त्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

अपायाचा प्रश्न :

हा निःसंदिग्धपणा महागात पडलेल्या अनुभवातून आला आहे. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक असते आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, हे निरीक्षण जुने होते. यावरून फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट होता. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील अशाच एका चाचणीत बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्वही देण्यात येत होते. तेथे वाढ २८ टक्के आढळल्याने ती १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. पुढे ३५,५३३ पुरुषांवरील आणखी एका चाचणीत रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला (२०११). भाजीतील एखादा घटक वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला म्हणजे भाजीचे गुण मिळतील, हे गृहीतकच या तीन चाचण्यांनी खोटे ठरविले.

या चाचण्यांतील मात्रा साध्या बहुजीवनसत्त्व गोळीतील मात्रेहून कितीतरी अधिक होत्या, हे सांगणेही न्यायाचे आहे. दैनंदिन गरजेच्या आसपास मात्रा असलेली एकच गोळी बहुतेक प्रौढांना निर्धोक असल्याचे वरील दीर्घ चाचण्यांवरूनच दिसते. धोका उद्भवतो तो बेरजेतून. एकीकडे मल्टिव्हिटॅमिन, दुसरीकडे केसांसाठी घेतलेली गोळी, तिसरीकडे 'प्रोटीन पावडर', शिवाय डॉक्टरांनी हाडांसाठी लिहून दिलेले कॅल्शियम व ड जीवनसत्त्व. प्रत्येकाच्या वेष्टनावरील आकडा मर्यादेत असतो. एकत्रित आकडा कोणी काढत नाही.

अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळणारी असल्याने शरीरात साठून राहतात. गर्भारपणाच्या आरंभीच्या काळात तयार स्वरूपातील अ जीवनसत्त्व दररोज १०,००० एककांहून अधिक घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याचे १९९५ मध्ये दाखविण्यात आले. आपल्याकडे अधिक आढळणारी चूक ड जीवनसत्त्वाबाबतची आहे. ६०,००० एककांची पुडी वा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती रोज घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, गुंगी आणि मूत्रपिंडाचा बिघाड झालेल्या रुग्णांची वर्णने भारतीय वैद्यकीय साहित्यात वारंवार आली आहेत. प्रौढाची दैनंदिन गरज ६०० एककांची आहे, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा असतो.

'ब' गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, तेव्हा जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, असे सर्रास म्हटले जाते. बी-कॉम्प्लेक्सनंतर लघवीला येणारा गडद पिवळा रंग रायबोफ्लेविनचा असतो, हे खरे. परंतु ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांची संवेदना हरपते, हे १९८३ पासून ज्ञात आहे. त्या वेळचे रुग्ण दिवसाला काही ग्रॅम मात्रा घेत होते. नंतर बऱ्याच कमी मात्रेतही तक्रारी नोंदल्या गेल्याने युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठीची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली.

भारतात हीच गोळी दोन वेगळ्या कायदेशीर रूपांत मिळते, हे सुशिक्षित ग्राहकालाही सहसा ठाऊक नसते. एक रूप औषधाचे. त्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांचे पाचवे परिशिष्ट लागू होते, आणि त्यात प्रतिबंधक मात्रा व उपचारात्मक मात्रा असा भेद केलेला आहे. दुसरे रूप आरोग्यपूरक अन्नाचे. ते अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांपासून स्वतंत्र वर्ग म्हणून ओळखले जाऊ लागले. उपचारात्मक मात्रेची गोळी ही सिद्ध झालेल्या उणिवेवर ठरावीक काळ घ्यावयाची असते. तीच वर्षानुवर्षे 'टॉनिक' म्हणून चालू राहते, कारण दोन्ही पट्ट्या औषधाच्या एकाच दुकानात मिळतात. जाता जाता एक उल्लेख : ब-१२ साठी कॅप्सूल घेणाऱ्या कडक शाकाहारी व्यक्तीने वेष्टन पाहून घ्यावे; सर्वसाधारण कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते.

गोळीचा इतर औषधांशी संबंध येतो तो वेगळाच. लोह व कॅल्शियम असलेली गोळी थायरॉइडच्या गोळीसोबत घेतल्यास थायरॉइडच्या औषधाचे शोषण घटते. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वाची मात्रा अचानक बदलणे धोक्याचे असते. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असते आणि त्यामुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. तपासणीस जाताना ही गोळी 'औषध' म्हणून सांगितली जात नाही, हीच येथील अडचण आहे.

फॉलिक आम्ल, ब-१२ आणि पुण्यातील संशोधन :

मुंबईत ज्या फॉलिक आम्लाचा माग लागला, त्याचे सर्वांत मोठे यश गर्भारपणाशी निगडित आहे. गर्भाच्या मेंदू व मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत बंद होते. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हेच ठाऊक नसते. या नलिकेचा दोष पूर्वीच्या अपत्यात असलेल्या स्त्रियांना फॉलिक आम्ल दिल्यास तो पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीत फॉलिक आम्लयुक्त बहुजीवनसत्त्व गोळी गर्भधारणेपूर्वीपासून घेणाऱ्या स्त्रियांच्या अपत्यांत असा एकही दोष आढळला नाही. तुलनेच्या गटात सहा आढळले. बहुजीवनसत्त्व गोळीच्या बाजूने इतका स्वच्छ पुरावा अन्यत्र नाही.

मात्र फॉलिक आम्ल एकटे काम करीत नाही. पेशीमध्ये त्याचे चक्र फिरते राहण्यासाठी ब-१२ लागते. ब-१२ कमी असताना बाहेरून फॉलिक आम्ल दिल्यास रक्तपेशींची निर्मिती सुधारते, हिमोग्लोबिन वाढते आणि रक्ताचे चित्र समाधानकारक दिसू लागते. मज्जातंतूंचे आवरण मात्र झिजत राहते, कारण त्यासाठी ब-१२ ला पर्याय नाही. रक्तक्षय हे जे उणिवेचे दृश्य चिन्ह होते, तेच पुसले जाते.

ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात नसते. शाकाहारी व्यक्तीला ते दूध, दही, ताक यांतून मिळते, तेही दुधाचे प्रमाण पुरेसे असेल तर. चहापुरत्या दुधावर ही गरज भागत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास हाती घेतला, त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. फॉलेटची उणीव मात्र केवळ एकीत होती. मातेच्या रक्तात फॉलेट जास्त आणि ब-१२ कमी अशी स्थिती असलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता, असे या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही मधुमेहाच्या मुळाशी मातेचे पोषण असू शकते, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. याच मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना व त्याच पिढीतील मुलांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना ब-१२ सह इतर सूक्ष्मपोषके आणि काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. त्यांच्या अपत्यांच्या विकासाची तपासणी केली असता केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची मुले आकलन व भाषा यांत सरस आढळली. मिश्र गोळीच्या गटात तसा लाभ दिसला नाही. गट लहान असल्याने यावरून घाईने अनुमान काढू नये. परंतु गोळीत घटक जितके अधिक तितकी ती चांगली, या समजुतीला हा निष्कर्ष मुळीच अनुकूल नाही.

प्रौढांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ चे शोषण घटते. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे ही लक्षणे मधुमेहाचीच समजली जातात आणि ब-१२ ची तपासणी राहून जाते. वयाच्या पन्नाशीनंतर जठरातील आम्ल कमी झाल्यानेही अन्नातील ब-१२ सुटे होत नाही. गोळीतील ब-१२ मोकळ्या स्वरूपात असल्याने त्यास ही अडचण येत नाही. तेव्हा शाकाहारी ज्येष्ठ, मेटफॉर्मिन घेणारे, जठर वा आतड्याची शस्त्रक्रिया झालेले आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी पूरक गोळी हा चैनीचा विषय नसून गरजेचा आहे. मात्र ती कोणती असावी, हे रक्ताच्या तपासणीवरून ठरावे. सिद्ध झालेली ब-१२ ची मोठी उणीव सामान्य मल्टिव्हिटॅमिनमधील एक-दोन मायक्रोग्रॅमने भरून येत नाही. तिला मोठ्या मात्रेची गोळी किंवा इंजेक्शन लागते. अशा रुग्णाला मल्टिव्हिटॅमिनने मिळते ते केवळ उपचार चालू असल्याचे समाधान, आणि त्यातील फॉलिक आम्ल निदान लांबवू शकते.

महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार याच अंगाने व्हावयास हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित होत्या. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांमध्ये ब-१२ ची, तर ३७ टक्क्यांमध्ये फॉलेटची उणीव आढळली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाने किशोरवयीनांसाठी आठवड्याला जी निळी गोळी ठरवून दिली, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आहे. तिच्यात ब-१२ नाही.